मुंगीले विचारा

केशवभटांना जेवायला बोलावलं की त्यांच्याबरोबर एका मुंगीलाही बोलावावं लागे. पानं वाढून झाली, श्लोक म्हणून झाले, चित्राहुती घालून झाल्या, की सगळी पंगत भातात हात घालायला टपलेली असे. तेवढ्यात केशवभट पानातल्या गोडाची एक चिमूट काढत, पाटापासून हातभर लांब जमिनीवर ठेवत आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसत. ते आमचे उपाध्ये. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. त्यामुळे वीस-पंचवीस भुकेली माणसं श्वास रोखून मुंगीची वाट पाहत आहेत आणि वरणावर साय धरते आहे, हा देखावा मी अमरावतीच्या परकोटाच्या आत निदान पन्नास वेळा पाहिला आहे.

मुंगी आली की केशवभट समाधानानं मान हलवत. "पाहा. आली. आता तुमी ठरवा," म्हणत, आणि पानातलं गोड बोटानं बाजूला सारून वरणभाताला लागत. मुंगी नाहीच आली तर ती कामात असेल म्हणत आणि तरीही गोड बाजूला सारत. मग तिला बोलावता कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते म्हणाले, "मास्तर, साक्षीदार आला नाई म्हणून चोर सुटते काय?"

गावानं त्यांचं नाव मुंगीभट ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

त्यांचं शास्त्र अगदी सोपं होतं. मुंगी ज्या पदार्थाला लागते तो माणसाच्या अंगात रोग करतो. साखरेला मुंगी लागते, गुळाला लागते, काकवीला तर विचारूच नका. म्हणून ही तिन्ही वर्ज्य. जेष्ठमधाची काडी मात्र उंबऱ्यावर चार दिवस ठेवा, मुंगी तिला वळसा घालून जाते. आणि काडी चघळली तर गोड लागते. म्हणजे देवानं माणसासाठी एक गोड आणि मुंगीसाठी दुसरं गोड केलं आहे आणि माणूस मुंगीच्या ताटातलं खाऊन आजारी पडतो आहे. कुणी काहीही शंका काढली की त्यांचं उत्तर एकच, "मले काहून विचारता? मुंगीले विचारा."

कारकुनाच्या कानावर लेखणी असते तशी केशवभटांच्या कानावर जेष्ठमधाची काडी असे. लग्नात मंगलाष्टकं म्हणताना ती गालात जाई. दोन अष्टकांच्या मध्ये ते तिला एकदा चावत, रस गिळत आणि मग असा 'सावधान' काढत की नवरदेव खरोखरच दचके. आवाज त्यांचा खणखणीत होता यात वाद नाही. पण त्याचं सगळं श्रेय ते काडीला देत. खोकला, घसा, आंबटपित्त, तोंड येणं, केस गळणं, मुलांचं पाठांतर, या सगळ्यांवर जेष्ठमध. एका सासुरवाशिणीला त्यांनी सासूच्या स्वभावावरही जेष्ठमध सांगितला होता. सासूनं तो चघळला आणि घसा मोकळा झाल्यामुळे ती पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलू लागली.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत एक कोनाडा, इतकंच अंतर. सरकारी शाळेत मी नवा नवा मास्तर झालो होतो, लग्न व्हायचं होतं, आई आजोळी गेली की जेवण केशवभटांकडेच होई. त्यामुळे जेष्ठमधाची खीर मी खाल्ली आहे. जेष्ठमधाच्या पाण्यात भिजवलेली पुरणपोळीही खाल्ली आहे. तिला पुरणपोळी म्हणायचं की पोळीत गुंडाळलेला काढा म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जेष्ठमधाचं गोड जिभेवर उशिरा येतं आणि एकदा आलं की जात नाही. दुपारी खाल्लेली खीर संध्याकाळी शाळेतून परत येताना गोड लागत असे.

या सगळ्याचा खरा जाच होता तो यमुनाकाकूंना, म्हणजे केशवभटांच्या बायकोला. काकू मूळच्या गोडघाशा. माहेरी उसाचा मळा, गुऱ्हाळ, लहानपणी काकवीत भाकरी बुडवून खाल्लेली. आणि नशिबी आला हा नवरा. घरात गुळाचा खडा नाही, साखरेचा कण नाही. काकू तांब्याभर पाणी शेजारी घेऊन जोत्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "दहा वर्सं झाली, माह्या जिभेले गोड माहीत नाई. या माणसानं मले लाकडं चघळाले लावली." गावातल्या बायकांना त्यांची फार दया येई. कुणी गुपचूप पदराआडून लाडू आणून देई. पण केशवभटांचं नाक असं की लाडू दारात येण्याआधी ते दारात उभे असत. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात नजर ठेवायला माणूस एक आणि नजर ठेवायची तीही एकावरच. बायका म्हणत, असला जुलमी माणूस पाहिला नाही. मीही त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हटलं आहे.

एकदाच काकू त्यांच्या तावडीतून सुटल्या. एका मुंजीत केशवभट होमात गुंतलेले असताना बायकांच्या पंगतीत आग्रह झाला आणि काकूंनी बुंदीचे चार लाडू खाल्ले. त्यानंतर पंधरा दिवस त्या अंथरुणावर होत्या. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. केशवभट म्हणाले, "मुंगीले विचारा." अशा वेळीही या माणसाला आपलं शास्त्र सुचतं याचा मला तेव्हा राग आला होता.

आता दिवस कसले होते तेही सांगायला हवं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी दोन भावांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता आणि इकडे वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीतून जे बोंड फुटेल ते विलायतेला हवं होतं. ज्यांनी कधी पागोटं धुतलं नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्वारीचं पीक हटलं, उसाचे मळे मोडले, जिकडे तिकडे कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. आणि पैसा आला तशी साखर आली. त्याआधी आमच्याकडे साखर म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादापुरती. आता ती पोत्यांनी येऊ लागली. पाहुणा आला की त्याच्या हातावर गूळ ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. लोक पाण्यात साखर घालून पीत आणि पिताना खिडकीत उभे राहत.

अशा दिवसांत साखरेला नावं ठेवणारा उपाध्या कुणाला परवडणार? एकेक यजमान केशवभटांना टाळू लागला. मुंगीची साक्ष आता लोकांना विनोदी वाटेनाशी झाली, अपमानाची वाटू लागली. एका यजमानानं तर पाटाभोवती हळद-राख टाकून मुंगीचीच वाट बंद केली होती.

उरलं होतं एक मोठं घर, आमच्या आबामामांचं. आबामामा म्हणजे आईचे मामेभाऊ. मूळ अमरावतीचे, पण कापसाच्या व्यापारासाठी अकोल्यास जाऊन राहिलेले. पूजा, श्राद्धं, मुंजी, सगळ्याला केशवभटांनाच अमरावतीहून बोलावत. त्या घरावरच आता केशवभटांची चूल चालत होती. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण करायला आबामामा स्वतः आले ते केशवभटांच्या ओसरीवर तक्क्याला टेकून बसले आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. साखरेची पोती अंगणात थप्पी लावून ठेवली आहेत, आचारी नागपूरचा आहे, जिलबी आहे, बासुंदी आहे.

"आणि उपाध्येबुवा," ते म्हणाले, "मेहूण म्हणून तुमी आणि यमुनावहिनी बसाल. दोघाईनं पानातली जिलबी संपवाची. मी सोता वाढीन. मुंगीगिंगी काही चालणार नाई. माह्या मांडवात माह्या साखरेचा मान झाला पायजे. नाई तं अकोल्यात बी भट आहेत."

केशवभटांनी कानावरची काडी काढून ती उगाच उलटसुलट करून पाहिली. आतून काकूंचा आवाज आला, "त्याईचं सोडा भाऊजी. मी खाईन. पोटभर खाईन." आबामामा खूश होऊन हसले. मीही हसलो, कारण काकूंची दहा वर्षांची हौस एकदाची भागणार होती. केशवभटांचा चेहरा मात्र असा झाला होता की मी हसू आवरतं घेतलं. त्यांनी साखर खाल्ली तर शास्त्र जाणार होतं आणि न खाल्ली तर घर जाणार होतं. मला वाटलं, शास्त्र जावं. ते गेलं तर निदान आमचा वरणभात तरी गरम राहील.

आम्ही तिघं बैलगाडीनं निघालो. काकू गाडीत, मांडीशी तांब्या. केशवभटांचे पाय त्या दिवसांत फार सुजत. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. जेष्ठमधाचा त्यावर काही उपयोग कसा होत नाही, असं मी खोचकपणे विचारलं, तर म्हणाले की पायांनी काडी चघळलेली नाही. अशा माणसाशी काय बोलणार? मुर्तिजापूरच्या अलीकडे एका नाल्याकाठी गाडी सोडली तेव्हा हे गृहस्थ त्या सुजलेल्या पायांनी काट्यांच्या कुंपणात शिरले आणि कसल्याशा वेलाची पानं ओरबाडू लागले. उपरणंभर पानं झाली. त्यांनी ती ओल्या फडक्यात बांधली. कशाला एवढी, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आबाजीच्या जिभेसाठी." मला वाटलं, चटणी करणार असतील.

अकोल्यास पोहोचलो तर अंगणात खरोखरच पोत्यांची थप्पी होती आणि येणारा प्रत्येकजण देवदर्शन घ्यावं तसा तिच्यापुढून जात होता. आबामामांनी केशवभटांना बाजूला घेतलं. कापसाच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं आपल्या मुलीच्या लग्नात चार भट बसवून पाच दिवस विधी चालवले होते, ते मामांना लागलं होतं. विधीत काही कमी पडायला नको, जेवढे असतील तेवढे करा, असं त्यांनी बजावलं.

"तसा एक विधी आहे," केशवभट काडी गालात सरकवत म्हणाले. "जिव्हाशुद्धी. पण थो लहान घरी होत नाई. फार मोठ्या घरीच होते."

"मंग थो आधी करा," मामा म्हणाले.

लग्न लागलं. दुपारी पहिली पंगत बसली. दोनशे पानं, एका अंगाला पुरुष, समोरच्या अंगाला बायका, आणि मधोमध मानाच्या पाटांवर केशवभट आणि यमुनाकाकूंचं मेहूण. सगळ्यांच्या पानावर आचाऱ्याच्या माणसांनी आधी दोन दोन हिरवी पानं ठेवली. केशवभट उभे राहिले आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाले की यजमानांनी आज जिव्हाशुद्धी योजली आहे, मी मंत्र म्हणेपर्यंत प्रत्येकानं ही पानं सावकाश चावावी, जिभेवर सगळीकडे फिरवावी आणि मगच गिळावी, घाई केली तर यजमानाच्या कुळाला दोष लागतो. मंत्र मी कान देऊन ऐकला. तो स्नानाचा होता. पण दोनशे माणसांनी डोळे मिटून पानं चावली. मीही चावली. कडू होती. आबामामा यजमान म्हणून सर्वांत पुढे, त्यांनी भक्तिभावानं चार चावली.

मग परातीतून जिलबी आली. काय तिचा रंग, काय तो पाक, बोट लावलं तर तार सुटावी. आबामामा स्वतः मेहुणाला वाढून परात घेऊन पुढे निघाले होते. तेवढ्यात मी माझ्या पानातली जिलबी तोंडात टाकली आणि थांबलो. ओल्या मातीचं कडं चावावं तसं लागलं. गोडाचा मागमूस नव्हता. शेजाऱ्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत होता. बासुंदीची वाटी तोंडाला लावली, तर नुसतं दाट कोमट दूध. कुणी बोलेना, कारण मोठ्या घरची साखर, तिला सपक कोण म्हणणार? लोक एकमेकांकडे बघत जिलबी द्रोणाखाली सरकवू लागले.

एक म्हातारे गृहस्थ शेवटी न राहवून म्हणाले, "आबाजी, पाकात साखर टाकाची राह्यली काय?"

आबामामांनी परातीतला एक तुकडा मोडून तोंडात घातला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी आणखी एक तुकडा मोडला. मग थप्पीतल्या पोत्याकडे गेले, चिमूट काढून जिभेवर ठेवली आणि तिथेच उभे राहिले. वाळू जिभेवर ठेवल्यासारखं त्यांना लागलं असणार. त्यांनी परात आचाऱ्याच्या हातात दिली आणि हळू आवाजात सांगितलं की आग्रह बंद, कुणालाही जिलबी वाढायची नाही. सगळी पंगत वांग्याच्या भाजीवर आणि कढीभातावर तुटून पडली. दोनशे पानांत दोनशे जिलब्यांची वेटोळी तशीच राहिली आणि कुणी कुणाला नावं ठेवू शकलं नाही.

मी मेहुणाच्या पाटाकडे पाहिलं. काकूंच्या पानातली जिलबी इतरांसारखीच बाजूला पडलेली होती आणि त्या शेजारच्या बाईशी कढीबद्दल बोलत हसत होत्या. केशवभटांनी सवयीप्रमाणे जिलबीचा तुकडा पाटापासून हातभर लांब ठेवला होता आणि त्याला मुंग्यांची रांग लागली होती. ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच द्रोण उपडा करून त्या तुकड्यावर झाकला. वर्षानुवर्षं मुंगीची साक्ष काढणाऱ्या माणसानं त्या दिवशी साक्षीदाराला कोंडून ठेवलं होतं.

जेवणं झाल्यावर आबामामा केशवभटांचे हात धरून म्हणाले की ही गोष्ट अमरावतीला जाऊ देऊ नका. उपाध्येपणाचं कुणी नावही काढलं नाही. उलट मामांनी त्यांच्याकडे एक जेष्ठमधाची काडी मागितली. चघळली आणि म्हणाले, "ही बी लागत नाई." केशवभट म्हणाले की मन अस्वस्थ असलं की असं होतं.

दोन तासांनी गाडीवानांची आणि वाढप्यांची पंगत बसली. त्यांना जिव्हाशुद्धी कुणी योजली नव्हती. त्यांनी उरलेल्या जिलब्यांच्या पराती रिकाम्या केल्या आणि अशी जिलबी सात जन्मांत खाल्ली नाही असं सांगत आणखी मागितली. आबामामांनी शिदोरीसाठी काढून ठेवलेल्यांतली एक उचलून खाल्ली. ती गोड होती. मामा ती जिलबी हातात घेऊन अंगणात कितीतरी वेळ उभे होते. त्यांना त्याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही.

मला झाला, दुसऱ्या दिवशी. परतीच्या वाटेवर गाडीत त्या ओल्या फडक्यात दोन पानं उरलेली दिसली. मी एक चावलं आणि बरोबर दिलेल्या शिदोरीतली जिलबी खाल्ली. माती. पुढे ओढ्याच्या वाळूत बैलांना ओढवेना म्हणून मी आणि केशवभट उतरून मागून चालू लागलो, तेव्हा मी त्यांना उरलेलं पान दाखवलं.

"गुडमार म्हणतात," ते म्हणाले. "घटकाभर गोड मारते. मंग जीभ पयल्यासारखी."

मी बराच तापलो होतो. एका माणसाच्या मुलीच्या लग्नात, मंत्राच्या नावाखाली, दोनशे माणसांना फसवायचं, आणि तेही कशासाठी, तर आपला हट्ट राखण्यासाठी. तुम्ही एक जिलबी खाल्ली असती तर मुंगी काही रागावली नसती, असं मी त्यांना बोललो. ते ऐकून घेत चालत राहिले. गाडी पुढे गेली, काकूंना ऐकू जाणार नाही इतकी.

"मी परातभर खाल्ली असती, मास्तर," ते म्हणाले. "मले काय होते? पण तिच्या पानात वाढणार होते. तिनं खाल्ली असती."

मग त्यांनी सांगितलं. दहा वर्षांपूर्वी एका पहाटे ते मोरीशी गेले, तर तिथे मुंग्यांची रांग होती. रोज तिथेच, काकू जाऊन आल्या की. वैद्यानं एवढंच विचारलं होतं, मुंग्या लागतात का? लागतात म्हटल्यावर त्यानं मधुमेह म्हणून सांगितलं आणि गोड सोडलं तर बरीच वर्षं काढतील, नाही सोडलं तर सांगता येत नाही, असं सांगून हात टेकले. त्या दिवसापासून काकू उठायच्या आत ते मोरी धूत, राख टाकत. तिला त्यांनी सांगितलं नाही. गावालाही नाही.

"लोकाईले समजलं असतं तं तिच्या हातचं पाणी प्याले असते काय? सवाष्ण म्हणून तिले कोणी बोलावलं असतं? आणि तिले समजलं असतं तं थे रोज मरणाची वाट पाहत बसली असती. म्हणून मी येडा झालो. भट येडा आहे म्हटलं का घरात गोड काहून नाई, हे कोणी विचारत नाई."

मी विषय बदलायचा म्हणून त्यांच्या पायांबद्दल विचारलं. तर कळलं की जी मुळी, जो पाला, जी पूड वैद्य सांगे, ती काकूंच्या मुखी जाण्याआधी महिनाभर ते स्वतः दुप्पट मापानं खाऊन पाहत. जेष्ठमध तर ते दहा वर्षं खात होते. पाय त्यानंच सुजतात असं वैद्याचं म्हणणं होतं. "तिचे नाई सुजत," ते म्हणाले. "तिले मी मोजून देतो." आणि त्यांनी कानावरची काडी काढून गालात टाकली.

मी त्यांना कुठे न बोलण्याचा शब्द दिला आणि तो पाळला. गावात मीही त्यांना मुंगीभटच म्हणत राहिलो, पहिल्यापेक्षा जरा मोठ्यानं.

पुढे तिकडची लढाई थांबली आणि कापसाचा भाव असा कोसळला की बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या दिसेनाशा झाल्या. आबामामांच्या अंगणातली थप्पी गेली. साखर पुन्हा सत्यनारायणापुरती उरली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी केशवभट गेले. सूज पायांवरून पोटावर चढली होती. शेवटच्या दिवसापर्यंत पहाटे भिंतीपलीकडे मोरीत पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकत असे.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. काकूंचे भाऊ रिद्धपूरहून आले होते. भाव पडलेल्या दिवसांत त्यांनी कुठून तरी साखर मिळवून बहिणीसाठी पाच पेढे करून आणले होते. सगळे म्हणत होते की आता तरी तिचं तोंड गोड करा, त्या माणसानं जन्मभर तिला उपाशी ठेवलं. मी दाराशी उभा होतो. कसं अडवायचं ते मला सुचत नव्हतं आणि शब्दही मोडवत नव्हता.

काकूंनी पेढा हातात घेतला. त्याची एक चिमूट काढली, पाटापासून हातभर लांब जमिनीवर ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. सगळे पाहत राहिले. बऱ्याच वेळानं एक मुंगी आली. काकूंनी मान हलवली आणि पेढा भावाच्या हातावर परत ठेवला. त्यांचे भाऊ डोळे पुसत बाहेर गेले, बायका कुजबुजत उठल्या. नवऱ्याचं वेड बायकोला लागलं, असं मी स्पष्ट ऐकलं.

माणसं पांगल्यावर मी काकूंच्या जवळ गेलो. काही विचारलं नाही, पण माझा चेहरा मला कधीच सांभाळता आलेला नाही.

"मले ठाऊक होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "मोरीत रोज राख कोण टाकते, हे बाईले समजत नाई काय?"

मी म्हटलं, मग दहा वर्षं जोत्यावर बसून त्यांना नावं का ठेवलीत? आणि अकोल्याला खाईन म्हणून का सांगितलंत?

काकूंनी तांब्यातलं पाणी घेतलं. म्हणाल्या, नवऱ्याचं शेवटचं घर जात होतं, दोन जिलब्यांनी आपलं जे व्हायचं ते झालं असतं. आणि नावं ठेवायचं म्हणाल तर, "मी कुरकुर केली नसती तं त्याईले वाटलं असतं, हिले समजलं. मंग त्याईनं कोणापासून लपवलं असतं? तेवढंच तं होतं त्याईच्यापाशी."

त्यांनी पदराच्या गाठीतून जेष्ठमधाची एक काडी काढली. टोक चावून चपटं झालेलं, केशवभटांची उरलेली असावी. ती त्यांनी कानावर ठेवून पाहिली, पण केस काढलेल्या त्या डोक्यावर ती राहिना. मग त्यांनी ती गालात धरली.